काळ्या चिखलासाठी जीपचे टायर

दर्यापूर-अकोट भागातील खारपाणपट्ट्यात पावसाळ्यात चारही चाकांना जोर असलेली जीपसुद्धा रुतते. चिकण माती टायरच्या नक्षीत भरून टायर गुळगुळीत होतो. म्हणून स्वस्तातले टायर घेतानाही नक्षीच्या ठोकळ्यांमधील मोकळी जागा आधी पाहावी. चिखल तेथूनच झडतो. नुसते उंच ठोकळे दिसायलाच बरे!

पैसे वाचविण्यासाठी दोनच टायर बदलू नयेत. पुढच्या-मागच्या टायरांचा घेर वेगळा असल्यास टणक रस्त्यावर चारही चाके जोडताच गिअरपेटीवर ताण येतो. जुना साठा स्वस्त मिळतो, तेव्हा टायरच्या बाजूवरील चार आकडे वाचावेत. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चिखलात हवा थोडी कमी करावी, डांबरी रस्ता लागताच भरून घ्यावी. वाफसा येईपर्यंत मात्र गाडी शेतात घालू नये, माती दबते.