घर कोठें बांधावें? भूकंपाविषयीं एक पाठ



वणीच्या उत्तरेस सप्तशृंगीचा गड उभा आहे. त्याच्या आसपासच्या दिंडोरी, कळवण, सुरगाणा व पेठ ह्या तालुक्यांत भूमीचे लहान धक्के अधूनमधून जाणवले आहेत. कळवण तालुक्यांतील दळवटच्या बाजूस तर ते लोकांच्या परिचयाचेच झाले आहेत. धक्का बसून भांडीं वाजलीं कीं घरोघरीं एकच प्रश्न निघतो: येथेंच राहावें, कीं उठून दुसरीकडे जावें? ज्याच्या पदरीं मुलें आहेत आणि ज्याच्या गांठीं एकदांच घर बांधण्यापुरता पैसा आहे, त्याला हा प्रश्न लहान नाहीं. म्हणून ह्या पाठांत आपण त्याचा क्रमानें विचार करूं.

१. नकाशा काय सांगतो

भारतीय मानक ब्यूरोनें २००२ सालीं जो नकाशा प्रसिद्ध केला, त्यांत भूकंपाच्या भयाप्रमाणें देशाचे चार विभाग पाडले होते. सर्वांत कमी भयाचा तो दुसरा आणि सर्वांत अधिक भयाचा तो पांचवा. त्या नकाशांत कच्छ पांचव्या विभागांत होता, कोयनेचा परिसर चौथ्यांत, नाशिक तिसऱ्यांत आणि नागपूर दुसऱ्यांत. मुंबई व पुणें हीं शहरें नाशिकाप्रमाणेंच तिसऱ्यांत होतीं. तेव्हां केवळ भूकंपाच्या भयानें वणी सोडून मुंबईस जाणाऱ्या मनुष्यास ह्या नकाशाप्रमाणें कांहींच लाभ नाहीं.

परंतु वाचक विचारील कीं, दुसऱ्यापासून पांचव्यापर्यंत विभाग आहेत, मग पहिला कोठें गेला? २००२ च्या पूर्वीं पहिला विभागहि होता, व तेथें भय सर्वांत थोडें असें समजत. लातूर जिल्ह्यांतील किल्लारी ह्याच पहिल्या विभागांत होती. पुढें तेथें जें घडलें तें सर्वांस ठाऊक आहे. नव्या नकाशांत पहिला विभाग ठेविलाच नाहीं. ह्यावरून नकाशा निरुपयोगी आहे असें कोणीं समजूं नये. कोयनेस ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे ६.३ मापाचा भूकंप होऊन सुमारें १८० माणसें मेलीं, आणि त्या भागांत धक्के बसण्याचें अजून थांबलेलें नाहीं; अशा ठिकाणाविषयीं नकाशा खरी सूचना देतो. मात्र ‘येथें भय थोडें’ ह्याचा अर्थ ‘येथें भय नाहीं’ असा होत नाहीं.

२. लहान धक्क्यांचा अर्थ

किल्लारीच्या परिसरांत १९९२ सालींच लहान धक्के जाणवूं लागले होते, व वर्षभरानें मोठा भूकंप झाला. उलट पालघर जिल्ह्यांत डहाणू व तलासरीच्या बाजूस नोव्हेंबर २०१८ पासून शेंकडों लहान धक्के बसले, पण किल्लारीसारखा मोठा भूकंप त्यांच्यामागून आला नाहीं. म्हणून लहान धक्क्यांवरून मोठ्याचा दिवस कोणासहि सांगतां येत नाहीं. जो तसा दिवस सांगत फिरतो, त्याच्यावर विश्वास ठेवूं नये. लहान धक्का आपणांस इतकेंच बजावतो कीं, आपल्या घराची तपासणी करण्यास हा योग्य समय आहे.

३. माणसें कशानें मेलीं

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटें. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती; गणपतीचें विसर्जन करून लोक उशिरां निजले होते. भूकंपाचें माप सुमारें ६.२ होतें. आठ ते दहा हजार माणसें मृत्यु पावलीं. पुढें साडेतीन महिन्यांनीं, १७ जानेवारी १९९४ रोजीं, अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराजवळ ६.७ मापाचा, म्हणजे ह्याहून मोठा भूकंप झाला. तोहि पहाटेचाच, आणि वस्ती कितीतरी दाट. तरी तेथें मेलेल्यांची संख्या सुमारें साठ होती. इतकें अंतर कां पडलें?

ह्याचें मुख्य कारण घरांत होतें. किल्लारी व सास्तूर ह्या भागांतील पुष्कळ घरांच्या भिंती ओबडधोबड दगडांच्या, मातींत रचलेल्या व दोन हातांपर्यंत जाड होत्या. अशी भिंत बाहेरून एक दिसते, परंतु आंत दोन पाळ्या असतात आणि मध्यें दगडगोटे व माती भरलेली असते. वर माळवदाच्या मातीचा मोठा भार. भूमि हालतांच दोन्ही पाळ्या एकमेकींपासून सुटल्या व निजलेल्यांवर कोसळल्या. त्याच गांवांतील कुडाच्या, गवतानें शाकारलेल्या झोपड्या बहुधा टिकल्या. भिंत जितकी जाड तितकें घर बळकट, असें आपण समजतों. भूकंपांत तें खरें ठरलें नाहीं.

४. पायाखालची जमीन

जागा पाहतांना गांवाचें नांव पाहून पुरत नाहीं. घराखालची हातभर जमीनहि पाहिली पाहिजे. काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावरच पाया ठेवला तर भिंतींस आधींच चिरा पडतात. म्हणून काळी माती खोदून मुरूम किंवा खडक लागेपर्यंत पाया न्यावा. ओढ्याच्या कांठची भराव टाकलेली जागा टाळावी. डोंगराच्या अगदीं कुशींत, सुटे धोंडे व मातीचा उतार वर असेल तेथें, घर बांधूं नये. पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवावर ३० जुलै २०१४ रोजीं डोंगर आला, तो पावसानें. सुमारें दीडशें माणसें गाडलीं गेलीं. उतार सुटण्यास पाऊस पुरतो, मग भूकंपानें काय होईल हें सांगावयास नको. वणीसारख्या डोंगरांच्या मुलुखांत हें भय रोजच्या भूकंपाच्या बोलण्याहून अधिक जवळचें आहे.

५. उठून जाण्याची किंमत

गांव सोडणें फुकट होत नाहीं. शेत दूर पडतें, सोयरेधायरे तुटतात, शहरांत भाड्याची खोली घ्यावी लागते. आणि ती खोली बळकट आहे हें कोणीं पाहिलें? २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत भूकंप झाला, तेव्हां तेथून दोनशें किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेंत अनेक मजल्यांच्या इमारती पडून शेंकडों माणसें मेलीं. त्यांतील पुष्कळ इमारतींच्या तळमजल्यास भिंती नव्हत्या, केवळ खांब होते. शिवाय किल्लारीच्या भूकंपानंतर सरकारनें ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं. तीं जुन्या गांवांपासून फार दूर नेलीं नाहींत. पालट मुख्यतः घरांच्या बांधणींत केला.

म्हणून निर्णयाचा क्रम असा असावा. घर सुट्या उताराखालीं असेल तर जागा बदलावी, मग ती त्याच गांवांत कां मिळेना. जागा चांगली पण घर कच्चें असेल तर घर सुधारावें. दोन्ही चांगलीं असतील तर धक्क्याच्या भयानें गांव सोडूं नये.

६. घर कसें सुधारावें

दगडी भिंतींत आरपार जाणारे लांब दगड घालावे. उंचींत दर दोन फुटांस व लांबींत दर चार फुटांस एक असावा. दारें व खिडक्या ह्यांच्या वर सर्व भिंतींवरून फिरणारी, लोखंडी सळया घातलेली काँक्रीटची सलग पट्टी करावी. ती घरास कमरपट्ट्याप्रमाणें आवळून धरते. दारें कोपऱ्यास खेटून ठेवूं नयेत. छपरावरील मातीचा भार कमी करावा. निजण्याच्या जागेवर जड वस्तु ठेवूं नयेत.

कोणी म्हणेल, आयुष्य देवाच्या हातीं आहे, मग भिंतीची काळजी कशाला? पण मोशाच्या नियमशास्त्रांत नवें घर बांधणाऱ्यास धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे, नाहींतर पडून मरणाऱ्याचा दोष घरावर येतो. त्या काळीं कठडा, आज ही पट्टी.

मंडळींत विचारण्याचे प्रश्न

१. किल्लारी कमी भयाच्या विभागांत असून तेथें इतकी हानि कां झाली?
२. आपल्या वस्तींतील कोणतीं घरें सुट्या उताराखालीं आहेत?
३. विधवा, वृद्ध व निर्धन ह्यांच्या घरांची तपासणी कोण करील, व पट्टी घालण्यास मंडळीनें श्रमानें कसें साह्य करावें?

उपदेशकांनीं तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर पावसाळ्यापूर्वीं नांवनिशीवार लिहून ठेवावें.