मूल पदरी घेण्यापूर्वी

मावळ तालुक्यात, विशेषतः लोणावळ्यापासून कामशेतपर्यंतच्या इंद्रायणीकाठच्या पट्ट्यात, निराधार मुलांसाठी एखादे घर काढावे अशी इच्छा आजवर अनेक सज्जनांच्या मनात उद्भवली आहे. हवा उत्तम, मुंबई आणि पुणे दोन्ही हाताशी, जमिनीचा एखादा तुकडा कोणीतरी धर्मार्थ द्यावयास सिद्ध, आणि परदेशातील एखादी ख्रिस्ती मंडळी दरमहा काही रक्कम पाठविण्यास राजी, एवढा योग जुळून आला की आता विलंब कशाला, असे भल्या माणसास वाटू लागते. शाळेतून निवृत्त झाल्यावर अशाच एका बालगृहाचे अधीक्षकपद मी सांभाळले आणि आसपासच्या इतर गृहांचा कारभारही जवळून पाहिला. त्यावरून एक गोष्ट निःशंकपणे सांगतो. या कामात दया कमी पडल्याची उदाहरणे मला फार थोडी आढळली. दप्तर कमी पडल्यामुळे मुलांचे जन्माचे नुकसान झाल्याची मात्र पुष्कळ आढळली.

ज्याला आपण अनाथ म्हणून दाखल करून घेऊ पाहतो, त्याचे बहुधा कोणीतरी असते. दिवाळी सरली आणि वीटभट्टीवर निघालेली एक कातकरी बाई दोन मुलांना घेऊन आमच्या दारात येऊन उभी राहिली. "गुरुजी, पोरं ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. भट्टीवर लई हाल व्हत्यात त्यांचं. पावसाच्या आत न्यायला येते," एवढेच तिचे मागणे होते. योगायोग असा, की त्याच आठवड्यात परदेशातील एका दात्याचे पत्र आले होते, की ज्यांचे आईबाप हयात नाहीत अशाच मुलांची यादी पाठवावी, कारण तशा मुलांसाठी वर्गणी लवकर जमते. असे पत्र हाती असता आईच्या नावाच्या रकान्यात आडवी रेघ ओढण्याचा मोह कारकुनास होतो, आणि त्या एका रेघेने जिवंत बाई कागदोपत्री मरते. आम्ही ती मुले हंगामी वसतिगृहात, म्हणजे स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी शाळेच्या आधाराने चालणाऱ्या व्यवस्थेत, पोहोचती केली; ज्येष्ठ लागण्यापूर्वी बाई आली आणि मुलांना घेऊन गेली. म्हणून दारात आलेल्या प्रत्येक मुलाविषयी प्रथम हा विचार करावा, की याला घर हवे आहे की याच्या घराला आधार हवा आहे. राज्य सरकारच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेखाली एका मुलामागे दरमहा २२५० रुपये त्याला सांभाळणाऱ्या कुटुंबास मिळतात. विधवा आईचा किंवा म्हाताऱ्या आजीचा अर्ज आपण बसून भरून दिला, तर पुष्कळदा बालगृहातील एक खाट रिकामी राहते, आणि ते संस्थेचे यशच समजावे.

ज्याचे खरोखरच कोणी आढळत नाही, अशा मुलाच्या बाबतीत कायद्याची वाट सोडून एक पाऊलही टाकू नये. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाप्रमाणे सापडलेले मूल, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते, आणि समितीच्या लेखी हुकुमावाचून त्याला ठेवून घेण्याचा अधिकार कोणासही नाही. मग तो पाळकसाहेब असो की परोपकारी शेठ. संस्थेस सरकारी अनुदान असो वा नसो, नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीवाचून घर चालविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आईने स्वखुशीने मूल सोडून दिले, तरी तिला फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत असते. टाकून दिलेल्या मुलाच्या नातलगांचा शोध करून, ते दोन वर्षांपर्यंतचे असल्यास दोन आणि त्याहून मोठे असल्यास चार महिन्यांच्या आत, दत्तकास मोकळे असल्याचे समिती जाहीर करते. या मुदती जाचक आहेत अशी तक्रार मी अनेक विश्वस्तांच्या तोंडून ऐकली आहे. त्या मुदती मुलाच्या हक्काच्या आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे तक्रारीस जागा उरत नाही.

आता दप्तराविषयी. लोणावळा स्टेशनावर सापडलेला एक मुलगा समितीच्या हुकुमाने आमच्याकडे आला, त्या दिवशीची नोंद अशी होती: वय अंदाजे चार, उजव्या कोपरावर भाजल्याचा जुना व्रण, अंगात पिवळा सदरा, बोलणे खानदेशाकडचे, आजीच्या घरी म्हैस असून तिचे नाव चंद्री असे सांगतो. सदरा धुऊन, कागदात बांधून, वर तारीख घालून कपाटात ठेवला. पोलिसांनी तपास चालविला तेव्हा ते भाजल्याचे चिन्ह, तो सदरा आणि ती चंद्री, या तिन्हींची साक्ष जुळून आजी सापडली. याच्या उलट, दुसऱ्या एका गृहाच्या जुन्या वहीत अशाच एका मुलाची नोंद मी पाहिली: "स्टेशनवर सापडला. नाव डेव्हिड ठेवले." पुढे तो मुलगा मोठा झाला. २०१८ सालापासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांसाठी जे एक टक्का आरक्षण आहे, त्याकरिता अनाथ प्रमाणपत्र मिळविण्याची वेळ आली, तेव्हा कोणत्या दिवशी, कोणाच्या हुकुमाने आणि कोठून तो आला, याचा एकही कागद त्याला मिळेना. ज्यांनी त्याला इतकी वर्षे मायेने जेवू घातले, त्यांनीच त्याचा पूर्ववृत्तांत दोन ओळींत संपविला होता. प्रत्येक मुलाची स्वतंत्र फाईल, तीत समितीचा हुकूम, पोलिसांचे कागद, वैद्यकीय तपासणी, आल्या दिवसाचा फोटो आणि त्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे, एवढे तरी असलेच पाहिजे. ही फाईल मुलाची मालमत्ता होय, संस्था केवळ तिची राखणदार.

नावावरून ओघाने धर्माचा विषय निघतो, आणि मी स्वतः ख्रिस्ती असल्यामुळे तो टाळणे मला शोभणार नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आणले. त्याचा खर्च बोस्टन येथील रमाबाई असोसिएशन चालवीत होते, आणि धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असे अभिवचन होते. काही मुली बाईंच्या खाजगी प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये मोठे काहूर उठले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी दूर झाली आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. पुढे दुष्काळात सापडलेल्या मुलींसाठी केडगाव येथे बाईंनी मुक्ती सदन उभारले, ते मात्र उघडपणे ख्रिस्ती होते. बाईंची योग्यता आणि त्याग वादातीत आहेत; परंतु कार्यकर्त्याने यातून घ्यावयाचा धडा हा, की दात्याला एक, पालकांना दुसरे आणि मुलांना तिसरे अशी स्थिती ज्या घरात उत्पन्न होते, तेथे उत्तम माणसाच्या हातूनही विश्वास गमावला जातो. नाताळ सर्वांनी मिळून जरूर करावा. पण मुलाचे नाव, जात, धर्म यांचे रकाने जसे आले तसे राखावेत, आणि बाप्तिस्म्याचा प्रश्न ते सज्ञान होऊन स्वतः काढील तेव्हाच निघावा. आपल्या श्रद्धेची साक्ष वेळेवर मिळणाऱ्या जेवणाने आणि स्वच्छ अंथरुणाने दिली, तर ती पुरेशी असते.

स्वच्छ अंथरूण हे मी लिहिण्याच्या ओघात लिहिले नाही. मावळचा पाऊस ज्यांनी सहलीपुरता पाहिला आहे, त्यांना आषाढ-श्रावणात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत आणि एका पोराची खरूज पंधरवड्यात साऱ्या खोलीस होते, याची कल्पना नसते. इमारतीच्या नकाशात प्रार्थनेच्या दालनाआधी कपडे वाळविण्याची शेड काढावी. पाहुण्यांचा ओघही याच दिवसांत वाढतो. भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्या वाटेत बालगृहाशी थांबतात, चिक्कीची पाकिटे वाटली जातात आणि मोबाईल बाहेर निघतात. मुलाची ओळख उघड होईल असा फोटो प्रसिद्ध करणे हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे, हे फाटकावर ठळक लिहून ठेवावे. परदेशातून काही आठवड्यांसाठी येणाऱ्या हौशी स्वयंसेवकांना छप्पर दुरुस्तीस लावावे, हिशेबास बसवावे. लहानग्यांना आपल्या कुशीत झोपण्याची सवय त्यांना लावू देऊ नये. ती मंडळी विमानात बसून निघून जातात, आणि मूल पुन्हा एकदा टाकले जाते. मग रात्री त्याची समजूत घालण्यास उरते ती आमची पगारी काकू, जिला आपण सर्वांत कमी पगार देतो. पैसा शिल्लक असेल तर तो प्रथम या काकूंच्या पगारात घालावा, कारण काकू टिकली तर घर टिकते.

परकीय देणगीविषयी थोडक्यात. त्यासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच प्रथम जमा व्हावी लागते, ती दुसऱ्या संस्थेस वळविता येत नाही, आणि कार्यालयीन खर्चावर वीस टक्क्यांची मर्यादा आहे. एकाच परदेशी मंडळीच्या भरवशावर तीस मुले घेणे म्हणजे तिकडील मतभेदावर इकडची चूल टांगणे होय. किमान वर्षभराचा खर्च हाती असल्यावाचून संख्या वाढवू नये, आणि जमेची एक तरी बाजू गावातली असावी.

मुले अठरा वर्षांची होतात, आणि संस्थेची खरी परीक्षा तेव्हा होते. कायद्याने एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद केलेली आहे; ती मिळवून देणे, खोली पाहून देणे, बँकेचे खाते, आधार आणि रेशनकार्ड त्याच्या हाती सोपविणे, ही कामे निरोपसमारंभाहून महत्त्वाची आहेत.

एवढे वाचूनही ज्याची इच्छा कायम राहील, त्याने इमारतीचा पाया खणण्यापूर्वी पुण्यास जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कचेरीत जावे, आणि तालुक्यात नवीन घराची खरोखर निकड आहे काय, हे विचारावे. निकड नसेल तर प्रतिपालक म्हणून एखादे मूल समितीमार्फत आपल्या घरी सांभाळण्याचा अर्ज करावा; तेही झेपणारे नसेल, तर जवळच्या चालू बालगृहात आठवड्यातून एक दिवस बसून मुलांच्या फायली नीट लावून द्याव्यात. या कामाला माणूस सहसा मिळत नाही, आणि त्याची गरज प्रत्येक घरास आहे.