आजोबांचा रेडिओ

मुलांनो, तुमच्या घरी जुना रेडिओ आहे का? माळ्यावर एकदा नजर टाका. जुन्या गाद्या, पितळेची भांडी, मोडका पाळणा यांच्यामागे कदाचित एक लाकडी पेटी दिसेल. तिच्या पुढच्या बाजूला जाळीदार कापड असते. खाली दोन-चार गोल बटणे असतात आणि काचेच्या पट्टीवर आकडे लिहिलेले असतात. तोच रेडिओ!

आमचा रेडिओ मला असाच सापडला. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात पंचगंगेला महापूर आला. कोल्हापूरच्या कितीतरी गल्ल्यांत पाणी शिरले. आम्ही खालच्या खोलीतले सामान घाईघाईने माळ्यावर चढवत होतो. त्या धावपळीत ही पेटी माझ्या हाताला लागली. पूर ओसरला. घरातला चिखल काढून झाला. मग एके दिवशी दादी म्हणाली, "तो रेडिओ खाली आण ना. एकदा तरी वाजतो का बघू."

हा रेडिओ आजोबांनी घेतलेला. त्या काळी घरात रेडिओ ठेवायला परवाना लागत असे आणि त्यासाठी पोस्टात दरवर्षी पैसे भरावे लागत. बुधवारी संध्याकाळी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लागायची. १९५२ साली सुरू झालेला हा कार्यक्रम अमीन सयानी सादर करत. त्यांचा आवाज ऐकायला अर्धी गल्ली आमच्या अंगणात जमायची, असे दादी सांगते. आजोबांनी काचेच्या पट्टीवर सिलोनच्या जागी लाल रंगाचा एक ठिपका दिला होता. तो अजून तसाच होता.

मी रेडिओ एका दुकानात नेला. दुकानदाराने तो उघडलाही नाही. "भंगारात घाला. याचे भाग आता मिळत नाहीत," तो म्हणाला. घरी येऊन दादीला हे सांगायचे माझ्या जिवावर आले. मग कोणीतरी लक्ष्मीपुरीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराचा पत्ता दिला. मी त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी पेटीचा मागचा पुठ्ठा काढला, आत फुंकर मारली आणि हसून म्हणाले, "मास्तर, अख्खा रेडिओ कधी मरत नाही. त्यातला एखादा भाग मरतो. तो कोणता, एवढेच शोधायचे."

तुम्ही उर्दूत 'दुरुस्त' म्हणता. मराठीतला 'दुरुस्ती' हा शब्द त्याचाच भाऊ. दुरुस्त म्हणजे ठीक, बरोबर. सगळेच बदलून टाकले तर ती दुरुस्ती नव्हे, ती नवी खरेदी!

मला वाटले, चाचा लगेच प्लग लावून पाहतील. त्यांनी तसे केले नाही. वर्षानुवर्षे पडून असलेला रेडिओ थेट विजेला जोडायचा नसतो. त्यांच्याकडे एक लाकडी फळी होती. तिच्यावर शंभर वॉटचा साधा पिवळा दिवा बसवला होता. याला सिरीज बोर्ड म्हणतात. वीज आधी दिव्यातून जाते आणि मग रेडिओत. रेडिओच्या आत शॉर्ट असेल, तर दिवा भगभगून पेटतो आणि रेडिओ जळण्यापासून वाचतो. आमचा दिवा आधी उजळला आणि मग मंद झाला. "ट्रान्सफॉर्मर जिवंत आहे," चाचा म्हणाले. अर्ध्या मिनिटाने आतल्या काचेच्या व्हॉल्व्हमध्ये नारिंगी उजेड दिसू लागला. पण रेडिओतून गाणे आले नाही. 'घूं ऽऽ' असा एकसारखा आवाज तेवढा आला.

हा आवाज कशाचा, ते आता समजून घ्या. आपल्या घरातली वीज दर सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. रेडिओला मात्र एकाच दिशेने वाहणारी, संथ वीज लागते. आधी एक व्हॉल्व्ह त्या विजेला एका दिशेने वळवतो. तरी ती धक्क्याधक्क्यानेच येते. मग कपॅसिटर ते धक्के शोषून घेतो. आमचे कारागीर त्याला कंडेन्सर म्हणतात. हातपंपाचे पाणी थांबून थांबून येते, पण ते टाकीत साठवले तर खालच्या नळातून सारखी धार पडते. कपॅसिटर म्हणजे विजेची अशी छोटी टाकी. त्यात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये ओला कागद ठेवून गुंडाळी केलेली असते. काही वर्षांनी तो कागद वाळतो आणि टाकी निकामी होते. धक्के तसेच पुढे जातात आणि रेडिओ घुमतो. एक गोष्ट मला नवी होती. रेडिओ न वापरता ठेवला, तरी हा भाग आपोआप बिघडतो.

जुन्या कपॅसिटरवर ५० मायक्रोफॅरड आणि ३५० व्होल्ट असे लिहिलेले होते. चाचांनी डब्यातून ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा नवा काढला. मी म्हणालो, "चाचा, आकडे जुळत नाहीत."

"माप जवळपासचे चालते. व्होल्ट जास्त चालतात, कमी चालत नाहीत. आणि माप फार वाढवायचे नाही, नाहीतर व्हॉल्व्हवर भार पडतो."

त्यांनी तापलेली कांडी टेकवून जुना डाख वितळवला. राळेचा धूर निघाला. नवा भाग बसवताना त्यांनी अधिक आणि उणे ही टोके दोनदा तपासली. टोके उलटी लागली, तर हा कपॅसिटर तापून फुटू शकतो.

आता माझी चूक सांगतो. ती तुम्ही करू नये, म्हणूनच सांगतो. चाचांनी रेडिओ थोडा वेळ चालवला आणि प्लग काढला. एक तार नीट बसलेली नाही असे मला वाटले. मी पटकन आत हात घातला. असा झटका बसला की माझा हात मागच्या कपाटावर आदळला. प्लग काढलेला होता! पण नव्या टाकीत वीज भरलेली होती. व्हॉल्व्हच्या रेडिओत अडीचशे व्होल्टपर्यंतची वीज खेळत असते आणि प्लग काढल्यावरही ती कपॅसिटरमध्ये राहते. माणूस दगावू शकतो. चाचा माझ्यावर खूप रागावले. मग त्यांनी एका रेझिस्टरमधून ती वीज उतरवली, मीटर लावून शून्य आकडा मला दाखवला आणि पुढचे काम सुरू केले.

म्हणून विजेवर चालणारा रेडिओ तुम्ही कधीही उघडू नका. सेलवर चालणाऱ्या छोट्या ट्रान्झिस्टरची गोष्ट वेगळी. चार सेलचे मिळून सहाच व्होल्ट होतात. सेल फुटून पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढलेला असतो. सेल काढून तो कापडाने पुसा आणि पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासा. कित्येक 'बिघडलेले' रेडिओ एवढ्यानेच बोलू लागतात. मात्र नंतर हात साबणाने धुवा.

आमच्या रेडिओची घुमघुम थांबली, पण आवाज फाटका येत होता. चाचांनी मीटरने एकेक भाग तपासला. मेण लावलेला एक कागदी कपॅसिटर वीज गळू देत होता. तोही बदलला. सगळे व्हॉल्व्ह मात्र जुनेच राहिले. दुकानदार म्हणाला ते अर्धे खरे होते. व्हॉल्व्ह मिळणे आता अवघड झाले आहे. पण मेले होते ते दोन स्वस्त भाग, आणि ते सहज मिळाले.

कोल्हापूरला अशा हातांची सवय जुनीच आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या साथीदारांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट काढला. चाचांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "त्यांनाही आधी कोणीतरी भंगारात घाला म्हणाले असेल!"

रेडिओ घरी आणला, तेव्हा रात्र झाली होती. दादी जवळ येऊन बसली. तिने स्वतः बटण फिरवून काटा लाल ठिपक्यावर आणला. तेथे फक्त खरखर होती. ती थोडा वेळ तीच ऐकत राहिली. मग मी मीडियम वेव्ह लावली आणि काटा हळूहळू सरकवला. अचानक स्वच्छ आवाजात एक कन्नड गाणे सुरू झाले. दादीला कन्नडचा एक शब्दही येत नाही. मी काटा पुढे नेणार, तोच तिने माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "आवाज तोच आहे."

स्वाध्याय

१. चाचांनी रेडिओ थेट विजेला का जोडला नाही?
२. प्लग काढल्यावरही लेखकाला झटका का बसला? तुमच्या शब्दांत लिहा.
३. 'दुरुस्ती'सारखे उर्दू आणि मराठी दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द शोधा आणि ते मराठी वाक्यांत वापरा.