जुन्या पिकअपची तेलगळती : आधी उगम शोधा, मग पाना उचला



ऊस विकास खात्याच्या पानावर मोटारीचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. पण बेणे, खताची पोती, दुधाची कॅने, भाजीपाला आणि वेळप्रसंगी तोडणी मजूर हे सारे आज ज्या जुन्या पिकअपवर चालते, ती ऐन हंगामात बंद पडली तर शेतीचेच काम अडते. गटात फिरताना "इंजिनातून तेल गळतंय, काय करावं?" असे आम्हांला वरचेवर विचारले जाते. म्हणून हा लेख.

ऊस पिवळा पडला की पुष्कळजण लगेच युरियाचे पोते फोडतात. पण चुनखडीच्या रानातला पिवळेपणा बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेचा, म्हणजे केवड्याचा असतो. तो युरियाने हटत नाही. तेलगळतीचेही तसेच आहे. निदान चुकले की दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला!

तेल गळते एकीकडे, ठिबकते दुसरीकडे

या गाड्यांत इंजिन लांबीला बसवलेले असते आणि पंखा पुढे असतो. तेल आपल्या वजनाने खाली येते आणि पंख्याच्या व धावण्याच्या वाऱ्याने मागे सरकते. त्यामुळे गळती वर, टॅपेट कव्हरला असली तरी थेंब पडतो तो मागे, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली. तो पाहून क्रँकचे मागचे ऑइल सील गेले असे ठरवले जाते. ते सील बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरी मोठी, गाडी दोन-तीन दिवस अडकलेली. आणि एवढे करून थेंब पुन्हा हजर! टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलणे त्यामानाने थोड्या वेळाचे आणि थोड्या पैशांचे काम आहे. म्हणून तपासणी पुढील क्रमानेच करावी.

तपासणीचा क्रम

१) तेल कोणते ते ओळखा. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवा. डिझेल गाडीचे वापरलेले इंजिन तेल काळे असते. गिअर तेल दाट आणि गंधकासारख्या उग्र वासाचे असते. डिझेल पातळ असते आणि वासावरून कळते. पुठ्ठ्यावरचा डाग नेमका कोणत्या भागाखाली आहे तेही पाहून ठेवा.

२) पातळी पाहा. सकाळी, गाडी सपाट जागेवर असताना गेज पट्टी पुसून पुन्हा घालून पाहावी. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलेले तेलही बाहेर फेकले जाते. पातळी आपोआप वाढली असेल, तर तेलात डिझेल किंवा पाणी उतरत आहे. पट्टीवर दुधाळ फेस दिसला तर पाणी समजावे. अशी गाडी चालवूच नये.

३) इंजिन धुवा. इंजिन पूर्ण थंड असताना डिझेल किंवा रॉकेलने, ब्रशने मळी काढा. पेट्रोल वापरू नका. डायनामो, स्टार्टर आणि एअर फिल्टरचे तोंड प्लास्टिकने झाका. मग पुसून चांगले वाळू द्या. हे काम कंटाळवाणे खरे, पण मळलेल्या इंजिनावर निदान होत नाही.

४) पावडर टाका. वाळलेल्या सांध्यांवर साधी अंगाला लावायची पावडर भुरभुरा. इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवा, मग पाच-सात किलोमीटर फेरी मारा. इंजिन बंद करून बॅटरीच्या उजेडात वरून खाली पाहत या. पांढऱ्या पावडरीवर काळा ओघळ उमटतो. सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला ठिपका हाच उगम.

नेमके कोठे पाहावे?

• टॅपेट कव्हरचे पॅकिंग, विशेषतः मागची कड.
• बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत डायनामोमागे ब्रेकचा व्हॅक्युम पंप असतो. त्याची तेलाची पाईप व जोड. टर्बो असल्यास त्याच्याही तेलाच्या पाईपा.
• ऑइल प्रेशरचा स्विच. वायरच्या टोकाशी तेल दिसले तर स्विच बदलावा.
• ऑइल फिल्टर. नवा बसवताना जुने रबरी पॅकिंग चिकटून राहिले तर तेल धो धो जाते.
• क्रँकचे पुढचे सील. हे गळाले तर पुली फिरताना तेल गोलाकार उडालेले दिसते.
• चेंबरचे पॅकिंग व ड्रेन नटाचे वायसर.

हे सारे कोरडे आणि सांध्याखालीच ओले असेल, तरच मागच्या सीलचा विचार करावा. चढाला क्लच घसरू लागला असेल, तर संशय बळावतो.

ब्रीदर विसरू नका

पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा गॅस चेंबरमध्ये उतरतोच. तो ब्रीदरच्या पाईपने बाहेर पडतो. ही पाईप मळीने किंवा उभ्या गाडीत कुंभारमाशीच्या मातीने तुंबली, की आतला दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. इंजिन संथ चालू ठेवून तेल भरायचे झाकण सोडा आणि तोंडावर नुसते उपडे ठेवा. चेहरा लांब ठेवावा. झाकण उडून पडले किंवा भकाभका धूर आला, तर आधी ब्रीदर साफ करून पुन्हा पाहा. तरीही तेच झाले, तर रिंगा झिजल्या असण्याचा संभव मोठा. मग नुसती सीले बदलून पैसे घालवू नका, मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन तपासून घ्या.

थोडे म्हणून सोडू नका

पाच सेकंदांला एक थेंब म्हणजे तासाला ७२० थेंब. २५ थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दहा तासांत पाव लिटरच्या वर तेल गेले! पट्टी रोज पाहणाऱ्याची गाडी यातही चालते. न पाहणाऱ्याचे इंजिन मात्र एक दिवस जाम होते. प्रेशरचा दिवा लागला की जागेवरच इंजिन बंद करा. "वस्तीपर्यंत तर जाऊ" हा विचार फार महागात पडतो. तापलेल्या सायलेन्सरच्या पाईपवर तेल पडत असेल, तर अशी गाडी वाळलेल्या पाचटात कदापि उभी करू नये. एका ठिणगीत गाडीही जाईल आणि फडही जाईल.

दोन गोष्टी सांभाळा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, भक्कम टेकू व चाकांना उटी द्या. चालू इंजिनाजवळ उपरणे, पदर किंवा सैल बाही नको. तसेच गळती थांबावी म्हणून चेंबरचे बोल्ट ताकदीने आवळू नका. पत्र्याची कड वाकते आणि गळती वाढते.

काढलेले तेल पाटात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. डब्यात साठवून रीतसर घेणाऱ्याला द्यावे.

खंडेनवमीला आपण गाडी धुऊन हार घालतोच. यंदा त्या दिवशी बॉनेटही उघडा, हा क्रम करा आणि काय आढळले ते वहीत तारखेसह लिहून ठेवा. ती वही घेऊन मिस्त्रीकडे गेलात, तर गिअरबॉक्स उतरवायचा की नाही, हे दोघांनाही पुराव्यानिशी ठरवता येईल.