पेढीसाठी इंटरनेट कसे निवडावे?

व्यापारी बांधवांनो, १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या काळी ते टेलिफोनच्या तारेवर चालत असे आणि इंटरनेट चालू असेपर्यंत फोन अडकून राही. कापडाचा धंदा तेव्हा त्याच्यावाचून चालत होता. आज तसे राहिलेले नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या पेढीला दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नावाने बिल करताना ई-इनव्हॉइस काढावेच लागते. भिवंडी किंवा मालेगावचे ग्रे कापड बालोतरा, पाली येथे प्रक्रियेसाठी जाते. राज्याबाहेर जाणारा ५० हजार रुपयांवरचा माल ई-वे बिलाशिवाय रस्त्यावर नेता येत नाही. बँकेची रक्कम, जीएसटीचे विवरणपत्र, गिऱ्हाइकाला पाठवायचे डिझाइन, सर्व काही याच तारेवरून जाते.

एखादे ई-वे बिल मोबाइलवरूनही निघते, हे खरे. परंतु संध्याकाळी पाच गाड्या भरून उभ्या आहेत, मेहताजींना पंचवीस बिले काढायची आहेत आणि लाइन बंद आहे, अशा वेळी मोबाइल पुरा पडत नाही. गाडीचे भाडे चढते आणि समोरच्या व्यापाऱ्याकडे आपली साख कमी होते. म्हणून इंटरनेट घेताना पहिला प्रश्न "वेग किती?" हा नसावा. "बंद पडले तर किती वेळात चालू होईल?" हा असावा. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने काही मालूमात देत आहे.

१. आधी आपली गरज मोजा

सूत घेताना आपण आधी काउंट पाहतो आणि मग भाव विचारतो. येथेही तसेच करावे. एका कागदावर लिहून काढा: संगणक किती, मोबाइल किती, कॅमेरे किती, टॅली कार्यालयातील संगणकावर आहे की बाहेरच्या सर्व्हरवर, गोदाम वेगळ्या जागी आहे काय.

बिले, बँक आणि ई-मेल या कामांना वेग फार लागत नाही. चार-पाच माणसांच्या पेढीला ५० एमबीपीएसची लाइन सहज पुरते. खरा भार दोन गोष्टींचा असतो. एक कॅमेऱ्यांचा आणि दुसरा डिझाइनच्या मोठ्या फाइलींचा.

२. एमबीपीएसचा हिशेब

जाहिरातीतला आकडा 'मेगाबिट'चा असतो, तर फाइलीचे माप 'मेगाबाइट'मध्ये असते. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर एका सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट माल येतो.

दुसरी गोष्ट अशी की, जाहिरातीतला मोठा आकडा पुष्कळदा माल आत येण्याचा, म्हणजे डाउनलोडचा असतो. बाहेर पाठवण्याचा, म्हणजे अपलोडचा वेग कमी असू शकतो. आपला व्यापार तर पाठवण्याचा आहे. ५०० मेगाबाइटची डिझाइनची फाइल १० एमबीपीएस अपलोडवर पाठवण्यास ४०० सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटे लागतात. १०० एमबीपीएसवर तीच ४० सेकंदांत जाते. आठ कॅमेऱ्यांचे चित्र सतत बाहेरच्या सर्व्हरवर जात असेल आणि प्रत्येकी २ एमबीपीएस धरले, तर १६ एमबीपीएस अपलोड तेथेच खर्च होतो. मग बिल का अडकते, हे मेहताजींना कळत नाही. तेव्हा अपलोडचा आकडा वेगळा विचारा आणि लेखी घ्या.

३. लाइनचे प्रकार

फायबर ब्रॉडबँड: यात काचेची बारीक तार थेट गाळ्यापर्यंत येते. सर्वत्र वापरात असलेल्या जीपॉन पद्धतीत एका मुख्य तारेवर सुमारे २.५ गिगाबिट डाउनलोड आणि १.२५ गिगाबिट अपलोड मिळतो आणि तो ३२ किंवा ६४ गिऱ्हाइकांत वाटला जातो. भाव स्वस्त असतो तो याच कारणाने. बहुतेक पेढ्यांना ही लाइन योग्य आहे.

लीज लाइन: यात ठरलेला वेग फक्त आपल्यासाठी राखलेला असतो आणि अपलोड-डाउनलोड सारखेच असते. दुरुस्तीची मुदतही करारात लिहिलेली असते. भाव मात्र ब्रॉडबँडच्या कित्येक पट असतो. ज्यांच्या दोन-तीन शाखा दिवसभर एकाच सर्व्हरवर काम करतात, त्यांनीच याचा विचार करावा.

वायरलेस: ४जी किंवा ५जीच्या लहरी पकडणारे यंत्र बसवून हे इंटरनेट घेतात. खोदकाम नाही, तार नाही. परंतु टॉवरवर गर्दी झाली की वेग उतरतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये लहरी नीट पोहोचत नाहीत. यंत्र गच्चीवर किंवा खिडकीजवळ लावावे लागते. पहिली लाइन म्हणून नव्हे, परंतु आधाराची दुसरी लाइन म्हणून ही उत्तम आहे.

४. दुसरी लाइन, पण दुसऱ्या वाटेची

पुष्कळ व्यापारी दोन कंपन्यांची लाइन घेतात आणि निश्चिंत होतात. दोन्ही तारा जर एकाच खांबावरून येत असतील, तर एका उंच ट्रकचा धक्का दोन्ही तोडतो. यंत्रमागाच्या गल्ल्यांतून गाठींनी भरलेल्या गाड्या रोज जातात, तेथे हा धोका नेहमीचाच आहे. म्हणून एक लाइन तारेची आणि दुसरी वायरलेस असावी. दोन लाइन जोडता येणारा राउटर घेतला की पहिली बंद पडताच काम आपोआप दुसरीवर जाते.

५. वीज गेल्यावर काय?

हा प्रश्न लाइन घेण्यापूर्वी विचारावा. जीपॉन पद्धतीत वाटेतल्या विभाजन पेटीला वीज लागत नाही. त्यामुळे मोहल्ल्यातील वीज गेली, तरी कंपनीच्या केंद्रातील यंत्र चालू असेल तर इंटरनेट चालते. आपल्याकडे फक्त राउटर आणि फायबरची पेटी चालू पाहिजे. त्यांना वीज फार थोडी लागते, लहान यूपीएस पुरतो. परंतु काही ठिकाणी केबलवाले खांबावर विजेवर चालणारा स्विच लावतात. त्या खांबाची वीज गेली की आपला जनरेटर चालू असूनही लाइन बंद राहते. तेव्हा "वाटेत विजेवर चालणारे यंत्र आहे काय?" हे स्पष्ट विचारा आणि शेजारच्या गाळेवाल्याकडून खात्री करून घ्या.

६. जोडणी करताना

फायबर घडी पडेल असे वाकवू नये. गोदामात उंदरांचा त्रास असेल तर ते प्लास्टिकच्या पाइपातून घ्यावे. राउटर मागांच्या खात्यात ठेवू नये. सुताची तूस आत जाऊन बसते आणि यंत्र तापते. बिलाचा आणि हिशेबाचा संगणक वायफायवर न ठेवता तारेने जोडावा. तांब्याच्या नेटवर्क तारेची मर्यादा १०० मीटर आहे. गोदाम त्याहून लांब असेल, तर मध्ये स्विच लावावा किंवा फायबर टाकावे.

येणाऱ्या दलालांना, गिऱ्हाइकांना इंटरनेट जरूर द्यावे, पण 'गेस्ट' नावाच्या वेगळ्या वायफायवर. राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. घरून टॅली पाहण्यासाठी काही जण स्थिर आयपी घेऊन हिशेबाचा संगणक थेट इंटरनेटवर उघडा करतात. हे बाजारात तिजोरी उघडी टाकण्यासारखे आहे. खंडणी मागणारे व्हायरस याच वाटेने शिरतात. जाणकाराकडून व्हीपीएन बसवून घ्यावे आणि हिशेबाची एक प्रत दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून अलग ठेवावी.

७. करार आणि बिल

"आमची लाइन ९९ टक्के चालू असते," असे कंपनीचा माणूस अभिमानाने सांगतो. हिशेब करून पाहा. ३० दिवसांचे ७२० तास होतात. त्यातला १ टक्का म्हणजे ७ तास १२ मिनिटे. हे सर्व तास एकाच कामाच्या दिवशी आले तर तो दिवस बुडाला, तरीही कंपनीचा शब्द खरा! ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटे. म्हणून टक्केवारीबरोबर एका वेळची दुरुस्ती किती तासांत होणार आणि न झाल्यास बिलात किती सूट मिळणार, हेही लिहून घ्यावे.

किती खर्च करावा, याचे गणित सोपे आहे. समजा, काम एक तास थांबल्याने पगार आणि गाडीभाडे मिळून ८०० रुपये वाया जातात आणि महिन्यात चार तास लाइन बंद राहते. नुकसान ३,२०० रुपये झाले. आधाराची लाइन त्यापेक्षा कमी खर्चात मिळत असेल, तर तो खर्च नफ्याचा आहे.

कनेक्शन पेढीच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घ्यावे. इंटरनेटवर १८ टक्के जीएसटी लागतो. १,००० रुपयांच्या योजनेचे १,१८० होतात. बिलावर आपला क्रमांक असेल तर, नियमित करदाता असल्यास, हे १८० रुपये वजावटीत मिळतात. मुलाच्या नावाने घरगुती कनेक्शन घेतल्यास ते गेले. वर्षाचे पैसे एकदम भरण्याची सवलत दिसते, पण आधी एक महिना वापरून पाहावे. संध्याकाळी गर्दीच्या वेळी, तारेने जोडलेल्या संगणकावर, तीन दिवस वेग मोजावा.

तक्रार केल्यावर तिचा क्रमांक अवश्य घ्यावा. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे आणि तेथे समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. क्रमांक नसेल तर पुढची वाट बंद होते.

शेवटी एकच शिफारस. सही करण्यापूर्वी आपल्याच गल्लीतील दोन गाळेवाल्यांना विचारा की मागच्या वेळी लाइन तुटली तेव्हा माणूस किती तासांत आला. जो केबलवाला दोन तासांत शिडी घेऊन दारात उभा राहतो, त्याची ५० एमबीपीएसची लाइन तीन दिवस फोन न उचलणाऱ्याच्या ३०० एमबीपीएसपेक्षा व्यापाराला अधिक उपयोगी आहे.