‘नागपुर’ आणि ‘नागपूर’ : मराठी ग्रंथशोध आणि याझ साधनसंच

वाङ्मयसंशोधनात ग्रंथसूचीचे स्थान पायाचे असते. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या कालखंडांचे दोन भाग सिद्ध झाल्यावर, ‘या विषयावर पूर्वी काही लिहिले गेलेले नाही’ असे विधान करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला प्रथम दाते उघडून पाहणे भाग पडले. आज तेच विधान बहुधा संगणकाच्या पडद्यावर उमटलेल्या एका शून्याच्या आधारे केले जाते. शोधचौकटीत शब्द टंकायचा, ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर आले की प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात ‘ग्रंथ अनुपलब्ध’ असा शेरा मारायचा, ही रीत रूढ होऊ पाहत आहे. हे शून्य कोणत्या टप्प्यावर निर्माण होते आणि त्यात मराठीच्या लेखनपद्धतीचा वाटा किती असतो, याची तपासणी म्हणूनच अगत्याची ठरते. तिच्यासाठी याझ हा मुक्तस्रोत साधनसंच विशेष सोयीचा आहे, कारण त्यात शोधाची प्रत्येक पायरी उघडी करून पाहता येते.

एका ग्रंथालयाच्या संगणकाने दुसऱ्या ग्रंथालयाच्या संगणकाला प्रश्न कसा विचारावा, याविषयीचा झेड ३९.५० हा अमेरिकन मानक प्रोटोकॉल १९८८ मध्ये प्रथम संमत झाला. १९९५ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली आणि १९९८ मध्ये आयएसओ २३९५० या क्रमांकाने त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. कोपनहेगनच्या इंडेक्स डेटा या कंपनीने १९९५ मध्ये या प्रोटोकॉलसाठी सी भाषेत याझ सिद्ध केला. ‘आणखी एक झेड ३९.५० साधनसंच’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून हे काहीसे मिस्कील नाव आले आहे. त्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि पुढे वाटता येते. त्याच कंपनीचे झेब्रा हे निर्देशांक तयार करणारे सहसाधन आहे. कोहा या मुक्तस्रोत ग्रंथालय-प्रणालीच्या २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीत ते समाविष्ट झाले आणि त्यामुळे ते भारतातील ग्रंथालयांपर्यंतही पोहोचले.

दोन संगणकांमधील संवाद मोजक्या पायऱ्यांचा असतो. प्रथम संपर्क प्रस्थापित होतो. मग प्रश्न पाठविला जातो, आणि उत्तरादाखल नोंदी न येता प्रथम केवळ त्यांची संख्या येते. जुळलेल्या नोंदींचा संच उत्तर देणाऱ्या संगणकाकडेच राहतो आणि त्यातील हव्या तेवढ्या नोंदी स्वतंत्रपणे मागवाव्या लागतात. प्रश्नातील शब्दाबरोबर अंकसंकेत जोडलेले असतात. १=४ म्हणजे ग्रंथनामात शोधा, १=१००३ म्हणजे ग्रंथकाराच्या नावात शोधा, ५=१ म्हणजे शब्दाचा शेवट मोकळा सोडा. समोरच्या संगणकाला विचारलेला शोधप्रकार ठाऊक नसेल, तर त्याने ११४ या क्रमांकाचा दोषनिर्देश परत पाठवावा, असा नियम आहे. हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ‘मला हा प्रश्न कळत नाही’ आणि ‘माझ्याकडे हा ग्रंथ नाही’ ही दोन उत्तरे प्रोटोकॉलमध्ये वेगवेगळी आहेत. वाचकासमोरच्या पडद्यावर मात्र पुष्कळदा दोहोंचे रूपांतर एकाच निरर्थक वाक्यात होते.

दोन शब्द ‘सारखे’ केव्हा मानावेत, हे मात्र हा प्रोटोकॉल सांगत नाही. उच्चारसाधर्म्याने शोध घेण्यासाठी त्यात २=१०० हा संकेत आहे खरा, पण कोणत्या भाषेत कोणते उच्चार सारखे मानायचे, याचा निर्णय उत्तर देणाऱ्या संगणकावर सोपविलेला आहे. प्रश्न इमानाने पोहोचतो, पण त्याचा मराठी अर्थ लावणारे तिथे कोणी असेलच याची खात्री नसते.

नागपूरच्या नावाइतके याचे बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी गावांच्या नावांतील ‘पूर’ दीर्घ लिहावा असे ठरविले आणि ‘नागपूर’ हे रूप स्थिर झाले. त्यापूर्वीच्या मराठी छपाईत ‘नागपुर’ही आढळते आणि हिंदीत तर तेच रूप रूढ आहे. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा द्विभाषिक राज्याची राजधानी होते. त्यामुळे येथील संग्रहांत दोन्ही भाषांचे ग्रंथ शेजारी नांदतात आणि सूचीत दोन्ही रूपे असतात. अक्षरशः जुळणी करणाऱ्या शोधयंत्राला हे दोन वेगळे शब्द वाटतात. त्यात १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे २००५ मध्ये ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ’ असे नामांतर झाल्याने, नावाच्या आरंभापासून जुळणी करणाऱ्या शोधात प्रबंधांची अखंड परंपरा दोन संस्थांत विभागलेली दिसते. नामांतराचा प्रश्न परस्परनिर्देशाने सुटतो आणि सूचिकार तो पूर्वीपासून सोडवीत आले आहेत. ऱ्हस्वदीर्घाचा प्रश्न निर्देशांक तयार होतानाच सोडवावा लागतो.

येथे एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. युरोपीय भाषांच्या सोयीसाठी अक्षरांवरील स्वरचिन्हे गाळून निर्देशांक तयार करण्याची पायरी शोधयंत्रांत सर्रास वापरली जाते. युनिकोडमध्ये जागा न व्यापणारी चिन्हे म्हणून ज्यांचे वर्गीकरण झाले आहे, ती सर्व तेथे गळतात. देवनागरीत या वर्गात उकार, ऊकार, एकार, ऐकार, अनुस्वार आणि हलन्तचिन्ह येतात, तर काना आणि दोन्ही वेलांट्या येत नाहीत. परिणामी ‘नागपुर’ आणि ‘नागपूर’ ही दोन्ही रूपे ‘नागपर’ होतात आणि शोध यशस्वी झाल्याचा भास होतो. पण त्याच पायरीवर ‘देव’, ‘दैव’ आणि ‘दव’ ही तिन्ही ‘दव’ होतात आणि ‘ग्रंथ’चा ‘गरथ’ होतो. ‘कवि’ आणि ‘कवी’ मात्र वेगळेच राहतात. जेथे एकरूपता हवी तेथे ती नाही आणि जेथे नको तेथे आहे, असा हा प्रकार आहे.

दुसरे उदाहरण ग्रेस यांच्या ‘वाऱ्याने हलते रान’ या ग्रंथाचे. या ललितलेखसंग्रहाला २०११ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि कवीची कर्मभूमी नागपूर, म्हणून तरी तो येथील संगणकाला सापडला पाहिजे. पण त्याच्या पहिल्याच शब्दातील ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टंकता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर हलन्त करतात, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्तचिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देतात. ‘र’ला नुक्ता देणारे तिसरे रूप युनिकोडच्या प्रमाणीकरणात पहिल्याशी एकरूप होते, दुसरे होत नाही. केवळ अदृश्य चिन्ह गाळले, तर ‘वार्याने’ असे रफारयुक्त रूप उरते आणि तेही पहिल्याशी जुळत नाही. निर्देशांकापुरते सर्व रूपांना एकाच ‘र्’वर आणणे हाच व्यवहार्य उपाय आहे. त्याची किंमत अर्थातच आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हा शालेय व्याकरणातला लाडका भेद निर्देशांकात पुसला जाईल, आणि गुरुजनांच्या शोधात एखादे पाकशास्त्राचे पुस्तक हाती येईल. छापील नोंदीचे मूळ रूप अबाधित असल्याने हा उपद्रव सोसता येतो. न सापडलेल्या ग्रंथाची भरपाई मात्र होत नाही.

परदेशी सूचींची अडचण निराळी आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्ली कार्यालय १९६२ मध्ये सुरू झाले आणि त्याच्यामार्फत मराठी ग्रंथही अमेरिकेत गेले. परंतु ग्रंथनोंदींसाठी तेथे वापरात असलेल्या मार्क-८ या संकेतावलीत अरबी, हिब्रू, चिनी, जपानी यांना स्थान होते, देवनागरीला नव्हते. युनिकोड स्वीकारले जाईपर्यंत अशा नोंदी रोमन लिप्यंतरातच करणे भाग होते. त्या लिप्यंतरात व्यंजनातील उच्चारात नसलेला ‘अ’सुद्धा लिहिला जातो. त्यामुळे महेश एलकुंचवार यांचे आडनाव ल, च आणि शेवटच्या र नंतरही ‘अ’ घेऊन येते. वृत्तपत्री इंग्रजी वर्तनीने त्यांचा शोध घेणाऱ्याला अशी नोंद सापडत नाही. स्वरचिन्हे गाळण्याची वर उल्लेखिलेली पायरी या रोमन नोंदींच्या बाबतीत मात्र उपकारक ठरते. एकाच संग्रहात रोमन आणि देवनागरी अशा दोन्ही नोंदी असतील, तर ती पायरी रोमनपुरतीच मर्यादित ठेवली पाहिजे.

याझमधील आयसीयूवर आधारित नियमसाखळीत हे सर्व करता येते. कोणती अक्षरे कशात बदलायची, शब्द कोठे तोडायचे, हे तिच्यात क्रमाने लिहिलेले असते आणि याझ-आयसीयू या छोट्या आज्ञेने एकेका ग्रंथनामावर तिची परीक्षा घेता येते. शब्दान्तीचा इकार-उकार दीर्घ मानणे, ‘पुर’ला ‘पूर’ करणे, ‘ऱ्’ला ‘र्’ करणे हे नियम सोपे आहेत. अनुस्वाराचे तसे नाही. ‘नाहीं’, ‘तूं’, ‘घरें’ यांतील अन्त्य अनुस्वार गाळावा, पण ‘असं’, ‘केलं’ यांतील राखावा. तेव्हा हा नियम मात्रायुक्त अक्षरापुरताच लावावा लागेल. शब्दमध्यात तर नियमाचा पाडावच लागत नाही. ‘पांच’, ‘नांव’, ‘कांही’ यांतील अनुस्वार गेला पाहिजे आणि ‘डोंगर’, ‘पांडव’ यांतील राहिला पाहिजे. तेथे जुन्या शब्दरूपांची यादी हाताने करण्यावाचून गत्यंतर नाही.

ही यादी संगणकतज्ज्ञ करू शकणार नाही, कारण तिच्यासाठी जुन्या छपाईचा परिचय हवा. १९६२ पूर्वीच्या ग्रंथांची मुखपृष्ठे पाहून ग्रंथनामांतील शब्द नोंदविणे, प्रत्येकाचे आजचे रूप समोर लिहिणे आणि शंकास्थळे वेगळी ठेवणे हे मराठी विभागातील विद्यार्थ्यांना एका सत्रात करता येण्याजोगे काम आहे. झेब्रात दोन निर्देशांक शेजारी ठेवता येतात, एक यथामूल आणि दुसरा या यादीने एकरूप केलेला. पाठभेदांच्या अभ्यासकाला पहिला लागेल. ग्रंथ अस्तित्वात आहे की नाही एवढेच पाहणाऱ्याने दुसऱ्यात शोधावे, आणि तेथेही शून्य आले, तर दात्यांची सूची उघडावी.