परीक्षेला कोणता राग, आणि त्याला किती खर्च?

संगीताच्या परीक्षेचा खर्च विचारायला पालक येतात, तेव्हा त्यांच्या मनात फक्त परीक्षा शुल्क असतं. शहापूर, मुरबाड, किन्हवली, सरळगाव या पट्ट्यात घरच्या घरी हार्मोनियमचा किंवा गायनाचा वर्ग चालवणाऱ्यांनी त्यांना पहिल्याच भेटीत सांगायला हवं, की शुल्क हा या हिशेबातला लहान आकडा आहे. मोठे आकडे मूल काय वाजवणार यावर ठरतात. राग कोणता, पट्टी कोणती, विलंबित किती, साथीला कोण, हे सगळं शिक्षकाच्या हातात असतं. हे निर्णय पहिल्या महिन्यात घेतले तर पालकांचे पैसे वाचतात. परीक्षेच्या तोंडावर राग बदलला, की जादा तास, दुसऱ्या पेटीची शोधाशोध आणि रडवेलं मूल असं सगळंच पदरात पडतं.

आपल्याकडची बहुतेक मुलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९३१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद आणि अलंकार अशा पायऱ्या आहेत. खालच्या पायऱ्यांना लेखी नसतं, वर गेल्यावर येतं. अभ्यासक्रमात रागांची नावं दिलेली असतात. त्या रागातली बंदिश किंवा गत कोणती, आलाप-ताना कोणत्या, वरच्या परीक्षांत कोणता राग विस्ताराने तयार करायचा आणि कोणता मध्यलयीपुरता ठेवायचा, हे बरंचसं शिक्षकच ठरवतो.

आधी पट्टी, मग राग

पेटीच्या पाच काळ्या पट्ट्या घ्या आणि पांढरीला हात लावू नका. काळी एकला सा धरलात तर सा रे म प ध, म्हणजे दुर्गा. काळी दोनला सा धरलात तर धानी. काळी तीनला भूप, काळी चारला मधमाद सारंग आणि काळी पाचला मालकंस. त्याच पाच पट्ट्यांतून पाच राग निघतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दुर्गा काळी एकमध्ये दिला, तर वर्ज्य स्वर चुकून लागायची भीतीच उरत नाही, कारण गंधार आणि निषाद दोन्ही पांढऱ्यांवर पडतात. अडचण एकच. काळी पट्टी आखूड असते, त्यामुळे त्यावर अंगठा नीट बसत नाही. म्हणून बोटांची रचना पहिल्या आठवड्यातच ठरवून वहीत लिहून द्यायची. मग ती बदलायची नाही.

खर्चाचा याच्याशी थेट संबंध आहे. आपल्या गावांतल्या घरची पेटी बहुधा भजनी मंडळातून आलेली, नाहीतर आजोबांची असते. एखादी पांढरी पट्टी मुकी, एखादी अडकणारी. ती पेटी बाद ठरवून पालकांना नवीन घ्यायला लावण्याआधी कोणत्या पट्ट्या धड आहेत ते तपासा आणि त्यावर बसणारा राग अभ्यासक्रमात आहे का ते पाहा. भूप काळी तीनमध्ये बसत असेल तर पहिली परीक्षा त्या पेटीवर होऊन जाते. पंधरा-वीस हजारांचा खर्च दोन वर्षं पुढे ढकलता येतो आणि तोवर मुलाला खरंच गोडी आहे का हेही कळतं.

गायनाच्या परीक्षेत हे स्वातंत्र्य मिळत नाही, तिथे पट्टी गळा ठरवतो. मुलींना आणि लहान मुलांना साधारण काळी चार-पाच लागते. मुलगा तेरा-चौदाचा असेल आणि आवाज फुटायला लागला असेल, तर तार सप्तकात रमणाऱ्या बंदिशी त्या वर्षी टाळाच. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच, पण भूप पूर्वांगात खुलतो आणि देसकार उत्तरांगात. अशा मुलाला भूप झेपतो, देसकारात दम लागतो. ही जोडी एकाच वर्षी विस्ताराने तयार करूही नये. परीक्षकाने एक म्हणायला सांगितलं की मूल दुसऱ्यात शिरतं. भीमपलास आणि धानीचंही तसंच होतं.

भजनातून आलेली मुलं

मुरबाड-शहापूर भागात परीक्षेला बसणारी कितीतरी मुलं हरिपाठात आणि भजनात पेटी धरूनच मोठी झालेली असतात. कान तयार असतो, लय पक्की असते, पण दोन-तीन बोटांवर वाजवायची सवय असते. अशा मुलाला पहिली गत अनोळखी रागातली देणं मला पटत नाही. गावच्या भजनात तो ज्या चाली वाजवतो, त्यांतली कोणती अभ्यासक्रमातल्या रागाजवळ जाते ते बघा आणि तोच राग मुख्य ठेवा. सुरांची ओळख आधीच असल्याने सगळा वेळ बोटं सुधारण्यावर जातो. तासाला २०० रुपये घेणाऱ्याचे आठ-दहा तास सहज वाचतात, म्हणजे १६०० ते २००० रुपये.

वाद्य आणि पाऊस

आजच्या दराने शिकाऊ पेटी ७-८ हजारांपासून मिळते. दोन ओळींची, बऱ्या सुरांची पेटी १५ ते २५ हजारांत येते. स्केल चेंजर त्याच्याही वर जाते आणि प्रवेशिकेपर्यंत तिची गरज नाही, दुकानदार काहीही म्हणो. विकत घेताना भाता भरून सगळ्या पट्ट्या मोकळ्या ठेवा. आवाज येत राहिला तर पेटी गळते आहे.

आपल्या भागातला पाऊस हा पेटीचा शत्रू. ओल धरली की पट्ट्या फुगून अडकतात, एखादा सूर बोट उचललं तरी वाजत राहतो, स्प्रिंगा गंजतात. पेटी खोक्यात, जमिनीपासून वर, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायची. वाळवायला उन्हात ठेवू नका, लाकूड तडकतं. पावसानंतर एकदा सफाई आणि सूर मिळवणं यासाठी दीड ते तीन हजार लागतात. हा खर्च दरवर्षीचा आहे, तो पालकांना आधीच सांगा.

तानपुऱ्याच्या अॅपचं मात्र पैसे न मोजताही भागतं. मिरजेचा तानपुरा घरी असणं हे भाग्याचं, पण प्रारंभिकेच्या मुलासाठी त्याची आवश्यकता नाही.

एप्रिल की नोव्हेंबर?

परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. शहरातला शिक्षक शाळेचं वेळापत्रक बघून सत्र निवडतो. आपल्याला शेतीही बघावी लागते. नोव्हेंबरच्या सत्राची तयारी पावसाळ्यात पडते. पेटी कुरकुरते, वीज जाते, गणपती-नवरात्रात मूल आरत्या-भजनांत गुंततं, मग भातकापणी. एप्रिलच्या सत्राला कोरडी हवा मिळते, पण वार्षिक परीक्षा आणि लग्नसराई आडवी येते. ज्या मुलाच्या घरी शेती आहे त्याला मी एप्रिलचंच सत्र सुचवेन.

कातकरी-ठाकर वस्तीतल्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. दिवाळीनंतर अनेक घरं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अशा घरातलं सुरेल मूल तुमच्या वर्गात असेल तर एप्रिल त्याच्यासाठी बंदच समजा. त्याच्यासाठी नोव्हेंबर-डिसेंबर धरा, भट्टी कुठे आहे ते पालकांना विचारा आणि परीक्षेच्या दिवशी त्याला आणण्याची सोय आधीच ठरवा. त्याला एकच राग मन लावून द्या, पेटी वर्गातलीच वापरू द्या. या मुलांना आपण परीक्षेपासून दूर ठेवतो, ते कुवतीमुळे नाही, वेळापत्रकामुळे. हे बदलणं आपल्या हातात आहे.

तबला, केंद्र आणि प्रवास

घरच्या सरावाला तालाचं अॅप चालतं. खालच्या परीक्षांत मध्यलय तीनताल असला की मूल अॅपवरून खऱ्या तबल्यावर दोन बैठकांत रुळतं. विलंबित एकतालाचं तसं नाही. अॅप मुलासाठी थांबत नाही, तबलजी सांभाळून घेतो, आणि दोन्हींची सवय वेगळी. म्हणून मध्यमेला जो राग विलंबितात घ्याल त्यासाठी तबलजीबरोबर चार तरी बैठका धरा. ३०० ते ५०० रुपये बैठक धरली तर दोन हजारांपर्यंत जातात. वर्गातल्या तिघा-चौघांना एकच विलंबित राग दिला तर ही बैठक वाटून घेता येते. बंदिशी वेगळ्या असल्या तरी चालतात. परीक्षेच्या दिवशी साथ केंद्राकडून मिळणार की आपण न्यायची, पेटी तिथली की आपली, हे केंद्रचालकाला फॉर्म भरतानाच विचारा. शुल्कही सत्रागणिक तपासावं. पहिल्या परीक्षांचं शेकड्यांत असतं, पायरी चढेल तसं वाढतं.

कल्याण-डोंबिवलीकडे केंद्र आलं तर शहापूरकरांना आसनगावपर्यंत शेअर रिक्षा आणि पुढे लोकल, हे सगळ्यात स्वस्त. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणला एसटीनेच जायचं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा मुलीसोबत आई गेली तर दोघींचा मिळून एका माणसाचा खर्च. पेटी घेऊन लोकलच्या गर्दीत चढणं धोक्याचं असतं. चार मुलं मिळून एक गाडी ठरवली तर पेटीही सांभाळून जाते. परीक्षेआधी एखादा दिवस कल्याण गायन समाजासारख्या ठिकाणी मैफल ऐकायला घेऊन गेलात तर तो पैसा वाया जात नाही. आपण शिकतोय तो राग मोठ्या कलाकाराकडून समोर बसून ऐकला, की मूल वेगळ्याच जोमाने बसतं.

प्रारंभिकेचा वर्षाचा ढोबळ हिशेब असा मांडता येईल. दरमहा ६०० प्रमाणे दहा महिन्यांचे ६०००, पुस्तक-वह्या ३००, पेटीची देखभाल २०००, साथीचा वाटा ३००, प्रवास ४००, आणि वर परीक्षा शुल्क. म्हणजे दहा हजारांच्या आत-बाहेर, पेटी घरची असेल तर. बंदिशींसाठी भातखंड्यांची क्रमिक पुस्तक मालिका सहा भागांत आहे, विनायकराव पटवर्धनांचं ‘राग विज्ञान’ आहे. हे संच शिक्षकाने घ्यावेत, मुलांना घ्यायला लावू नयेत.

कीबोर्ड आणि पियानो

हल्ली महामार्गालगतच्या वसाहतींतून ‘सर, ट्रिनिटी करता का’ अशी विचारणा होते. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षेत तीन रचनांना मिळून १०० पैकी ६६ गुण असतात, म्हणून इथे तर निवडच सगळं काही आहे. पालकांना आधी एक फरक समजावून सांगा. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची परीक्षा वेगळी, पियानोची वेगळी. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड ८ ते १३ हजारांत येतो. पियानोसाठी वजनदार ८८ पट्ट्यांचं वाद्य हवं, ते ४० हजारांच्या आसपास सुरू होतं. कीबोर्ड घेताना दाब ओळखणाऱ्या पट्ट्या आहेत का ते पाहाच. कॅसिओच्या सीटी-एस१०० मध्ये त्या नाहीत, सीटी-एस३०० मध्ये आहेत. दाब न ओळखणाऱ्या कीबोर्डवर हळू-जोरात हा फरक शिकताच येत नाही, आणि ज्या रचनेचा जीवच त्या फरकात आहे ती तिथे निवडणं म्हणजे गुण सोडून देणं. शुल्क पहिल्याच ग्रेडला काही हजारांत जातं. रचनांचं पुस्तक मूळ विकत घ्यावं लागतं, झेरॉक्स चालत नाही. दिलासा एवढाच, की २०२० पासून चित्रफीत पाठवून परीक्षा देता येते, म्हणून मुंबईची फेरी टळते. चित्रण सलग हवं, म्हणून वीज जाण्याची वेळ टाळून, शक्यतो सकाळी उरका.

दहावीचे गुण

पालकांची खरी ओढ बऱ्याचदा इथे असते. दहावीचे वाढीव गुण एका परीक्षेवर मिळत नाहीत, ठरावीक पायऱ्या पार व्हाव्या लागतात. म्हणून नववीत आलेल्या मुलाला त्यासाठी धावडवू नका. सहावी-सातवीत सुरुवात झाली तर जमतं. प्रस्ताव शाळेमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे जातो आणि त्याची मुदत शाळा सांगते. प्रमाणपत्रावरचं नाव शाळेच्या दाखल्याशी अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग, जन्मतारीख हे पहिल्या परीक्षेचा फॉर्म भरताना दाखला समोर ठेवूनच लिहा आणि फॉर्मचा फोटो काढून पालकांच्या मोबाइलवर पाठवा.